सहाच्या आत बेचाळीस पानं

त्या घरात दोन वेळा चालायच्या. एक घरची, एक बाहेरची. घरची वेळ बाहेरच्या वेळेपेक्षा वीस मिनिटं पुढे. घरातले सासरे पस्तीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी सोडायची ते त्यांच्या हातात, आणि 'वेळेवर जायचं म्हणजे वेळेआधी जायचं' हे त्यांचं ब्रीद. निवृत्त झाले, डेपो सुटला, पण ब्रीद काही सुटलं नाही. बैठकीतलं घड्याळ वीस मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं पुढे, उशाशी ठेवायचं गजराचं घड्याळही पुढे. घरची माणसं इतकी सरावली होती की घड्याळाकडे बघता बघताच वीस वजा व्हायचे. सून नवी होती तेव्हा दोन महिने सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोहोचायची आणि कुलूप लागलेल्या दारापुढे उभी राहायची. मग तीही शिकली. आता तर आपण वजाबाकी करतोय हे तिच्या लक्षातही येत नसे.

आणि ही सूनबाई म्हणजे काही साधी असामी नव्हे हं! चारशे कॉम्प्युटर असलेल्या ऑफिसात ती तक्रारींच्या टेबलावर बसायची. दिवसभर फोन. कुणाचा प्रिंटर रुसलाय, कुणाचा पासवर्ड हरवलाय, कुणाचा कॉम्प्युटर 'आपोआप' बंद पडलाय, म्हणजे पायाने वायर ओढली गेलीय. समोरचा कितीही आरडाओरडा करो, हिचा आवाज एका पट्टीत. "पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा. अर्थ लावू नका, फक्त वाचा," एवढंच म्हणायची, आणि दहातले नऊ आजार तिथेच पकडायची. दहावा उठून जाऊन पकडायची. हार मानल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं.

त्या शुक्रवारी ती अर्धी रजा टाकून चारलाच घरी आली. बाहेरच्या चारला. सासूबाईंची पानं पोहोचली का ते एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच मनात होतं.

सासूबाईंना सगळे 'बाई' म्हणत, नवराही बाईच म्हणे, सून तेवढी 'आई' म्हणे. अंध मुलांच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलं. छापलेली चित्रं त्या पोरांच्या काय कामाची? म्हणून बाईंनी कापडावर चित्रं शिवली, बोटांनी वाचायची. मखमलीचं मांजर, दोरखंडाची शिडी, काथ्याचा डोंगर आणि त्यातून वळणं घेत जाणारी रेशमी दोऱ्याची नदी. अशी बेचाळीस पानं. पोरांनी ती चिवडून चिवडून, कुरवाळून कुरवाळून वाचली. बाईंनी ती कितीदा तरी परत शिवली. आता पानं विरली होती आणि बाईंच्या बोटांचे सांधे धरले होते. सुई धरायची म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. परत एक पान शिवणं आता त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

आणि अशात अंध मुलांसाठी पुस्तकं काढणाऱ्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं. प्रत्येक पानाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून आमच्या क्लाउडवर चढवा. आमची यंत्रं त्यावरून उठावाची पानं बनवतील आणि ती सगळ्या अंध शाळांत जातील. शुक्रवार संध्याकाळी सहापर्यंत जेवढी पानं येतील तेवढी घेऊ, सहाला दार आपोआप बंद होईल. पुन्हा अशी योजना नाही. बाईंनी ते पत्र चारदा वाचलं होतं आणि चारही वेळा नीट घडी घालून ठेवलं होतं.

फोटो सूनबाईने काढले. एकेका पानाची एकेक जाडजूड फाइल झाली. चढवायचं काम कंट्रोलरसाहेबांनी मागून घेतलं. "गाड्या सोडण्यात हयात गेली माझी. बेचाळीस फाइली सोडायला काय लागतं?" असं म्हणून मंगळवारपासून ते कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून बसले होते. कुणी विचारलं की एकच उत्तर यायचं, "निघाल्यात."

सूनबाईने चपला काढल्या आणि सरळ पडद्यापाशी गेली. पडद्यावर एक चाक गरागरा फिरत होतं आणि खाली लिहिलेलं, 'पाठवत आहे'. वर आकडा होता, दोनशे बावन्न.

"बाबा, पानं तर बेचाळीस आहेत. दोनशे बावन्न कुठून आल्या?"

"रोज परत सोडल्या ना. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. एखादी मागे राहिली असेल तर दुसरी फेरी असावी म्हणून."

"आणि पोहोचल्या किती?"

कंट्रोलरसाहेब जरा चाचरले. "पोहोचल्याचं मी कशाला बघू? सुटल्याची नोंद आपली, पोहोचल्याची नोंद समोरच्या डेपोची. आयुष्यभर हेच केलं."

सूनबाईने एक बटण दाबलं, दुसरी खिडकी उघडली. पोहोचलेल्या फाइली, शून्य. मंगळवारपासून चाक नुसतं फिरत होतं. प्रत्येक फाइल जायची, दारावर आपटायची, परत यायची, रांगेत शेवटी उभी राहायची आणि पुन्हा जायची. चार दिवस फुकट गेले होते. पण आवाज मात्र तोच, तक्रारींच्या टेबलावरचा.

"आधी हे सगळं थांबवायचं."

"थांबवायचं? अगं, पावणेदोन तास राहिलेत!" सासरे उठूनच उभे राहिले. "चालू गाडी थांबवतात का कुणी? थांबली की गेली!"

"बाबा, गाडी चालूच नाहीये. जागच्या जागी चाक फिरतंय. दोनशे बावन्न जणी एकाच दारातून एकदम घुसायला बघतायत, त्यात कुणाला काय लागलंय ते कसं दिसणार? आधी सगळ्यांना थांबवू, मग एकीलाच पाठवून बघू."

सासऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या, शून्य हा आकडा त्यांनीही वाचला होता. त्यांचा चेहरा पडला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "थांबव गं. तुझं काम तुला कळतं. आणि अहो, तुम्ही बसा खाली."

तिने थांबवलं. चाक थांबलं तसे सासरे खुर्चीत टेकले. सूनबाईने एकेक करून रांग रिकामी केली. एकच पान ठेवलं, सगळ्यात छोटं, मांजराचं. पाठवलं. नव्याण्णव टक्के झालं आणि परत शून्य. नाकारलं.

"ये रे माझ्या मागल्या," ती पुटपुटली.

मग तिने एकेक दार ठोठावायला सुरुवात केली. नेट बघितलं, धडधाकट. फोटो उघडून बघितला, स्वच्छ. फाइलचं नाव बदललं, तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. फाइली चढवायचा संस्थेचा प्रोग्रॅम काढून टाकून नव्याने बसवला, त्यात वीस मिनिटं गेली, तरी तेच. तो प्रोग्रॅम फोनवर चालत नव्हता आणि ऑफिसचा कॉम्प्युटर तासाभराच्या अंतरावर. तिने संस्थेत फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली. इतर सगळ्यांच्या फाइली येतायत म्हणाली, आणि सहा म्हणजे सहाच, ते दार माझ्या हातात नाही, असंही म्हणाली.

पाच वाजून गेले. बाई मागे पलंगावर बसून होत्या. मांडीवर ती कापडी पानं घेतलेली, आणि ताठरलेल्या बोटांनी त्यांच्या कडा सरळ करत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "नाही झालं तर नाही झालं गं. तू जिवाला लावून घेऊ नकोस." हे ऐकलं आणि सूनबाईच्या डोक्यात तिडीकच गेली.

"आई, असं बोलायचं नाही. होणार म्हणजे होणार. मी अजून वाचलंच कुठंय नीट?" असं म्हणाली आणि स्वतःच थबकली. खरंच की! जगाला वाचायला लावणारी ती, आज स्वतः नुसती नजर फिरवत होती. प्रोग्रॅम प्रत्येक फाइलची नोंद ठेवायचा. ती नोंद तिने तीनदा उघडली होती आणि तीनदा वरवर बघून बंद केली होती. "आई, इकडे या. चष्मा लावा. आता पाठवलेल्या पानाची ही नोंद मला मोठ्याने वाचून दाखवा. जसंच्या तसं. अर्थ लावायचा नाही."

बाई आल्या. बत्तीस वर्षं न दिसणाऱ्या पोरांना फळा वाचून दाखवला होता त्यांनी, टिंबसुद्धा न गाळता. त्यांनी वाचायला घेतलं.

"फाइल, मांजर. वजन, एवढं एवढं. या कॉम्प्युटरवरून पाठवलं, पाच वाजून छत्तीस मिनिटं. समोरून नाकारलं, पाच वाजून सोळा मिनिटं." बाई थांबल्या. "अगं, हे काय? पाठवायच्या आधीच नाकारलं?"

"आई, वीस वजा करा ना," सूनबाई सवयीने म्हणाली.

आणि तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर गेली. सूनबाई हळूहळू सासऱ्यांकडे वळली. सासरे छताकडे बघत होते.

"बाबा."

"हं."

"कॉम्प्युटरचं घड्याळ कुणी पुढे केलं?"

"मी," सासरे म्हणाले. मग जरा मान ताठ करून, "सोमवारी. सगळ्या घरात ते एकच घड्याळ बेशिस्त होतं. आपोआप वेळ लावायचं काहीतरी होतं, ते बंद केलं आणि लावलं नीट. त्याचा इथे काय संबंध? वीस मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नेट तपासलं, फोटो तपासला, प्रोग्रॅम उचकटून परत बसवला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ सव्वा तास तिच्याकडे टक लावून बघत होतं. ती रोज ऑफिसात लोकांना हसायची ना, तशीच आज स्वतःला खो खो हसली. मग म्हणाली, "बाबा, समजा तुमच्या डेपोत एक ड्रायव्हर आला. त्याच्या कागदावर निघाल्याची वेळ पाच छत्तीस. आणि तुमच्या घड्याळात आत्ता वाजलेत पाच सोळा. काय कराल?"

"दारातूनच परत पाठवीन! खोटा कागद आहे तो."

"बस. त्यांनीही तेच केलं. पाच-दहा मिनिटांचा फरक ते चालवून घेतात, पंधराच्या वर गेला की कागद खोटा. मंगळवारपासून आपण त्यांना अजून न आलेल्या वेळेचे कागद दाखवतोय."

कंट्रोलरसाहेबांचा चेहरा उतरला. ते अडाणी नव्हते, क्षणात त्यांना सगळं कळलं, आणि कळलं म्हणूनच फार लागलं. त्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंच्या हातातल्या पानांकडे बघितलं. "मीच अडवल्या म्हणायच्या," ते म्हणाले. सूनबाई घड्याळ दुरुस्त करायला हात पुढे करणार, तेवढ्यात त्यांनी तिला थांबवलं. "मी बिघडवलंय, मीच करतो." पस्तीस वर्षांत त्यांनी एकही घड्याळ मागे नेलं नव्हतं. आता मात्र त्यांनी माऊस धरला आणि दोनच टिचक्यांत वेळ जागेवर आणली.

सूनबाईने मांजर पुन्हा पाठवलं. नव्याण्णव टक्के. तिघंही पडद्याकडे झुकले. मग शंभर, आणि शेजारी लहानशी हिरवी खूण. पोहोचलं!

"पोहोचलं हो!" बाई ओरडल्या. शाळेत असताना त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नसेल.

पण आनंद करायला वेळ कुठे होता? पाच वाजून बावीस झाले होते. एकदम सगळी पानं सोडली तर पुन्हा दारात गर्दी. सूनबाईने ठरवलं, एकामागून एक, रांगेने. कंट्रोलरसाहेबांनी न सांगताच वही काढली आणि आपलं जुनं काम सुरू केलं. सुटल्याची वेळ, आणि आता पोहोचल्याचीही.

"क्रम कोण लावणार?" त्यांनी विचारलं.

"का? सगळीच तर जाणार आहेत," सूनबाई म्हणाली.

"नाही जाणार." त्यांनी वहीत दोन आकडे मांडले. "मांजराला अठ्ठावन्न सेकंद लागले, आणि ते सगळ्यात हलकं होतं. बाकीची तेवढ्यातच गेली असं धरून चाललो तरी सहापर्यंत अडतीस-एकोणचाळीस. दोन-तीन मागे राहणार. आता क्रम लावला नाही तर कुठली राहतील ते नशीब ठरवेल."

सूनबाईने दोनदा हिशोब करून बघितला. बरोबर होता. तिने जड मनाने बाईंकडे पाहिलं. आता यांनी आपल्याच पानांतून निवड करायची म्हणजे पोटच्या पोरांतून करण्यासारखं, असं तिला वाटलं. बाईंनी मात्र पापणीही लवू दिली नाही. सगळा गठ्ठा पलंगावर पसरला आणि पत्ते लावावेत तशी पानं लावायला घेतली.

"सगळ्यात फाटलेलं आधी," त्या म्हणाल्या. "जे पोरांनी जास्त वाचलं तेच जास्त फाटलंय. यात विचार कसला करायचा?"

पहिली सुटली बस. त्या पानावरच्या बसची चाकं म्हणजे चार मोठी बटणं होती. ती पोरांनी इतकी फिरवली की बाईंनी नऊ वेळा नवीन लावली होती. बस आधी जाते म्हटल्यावर कंट्रोलरसाहेबांचा चेहरा जरा उजळला. "बस सुटली!" त्यांनी आरोळी ठोकली आणि वहीत वेळ टिपली. मग कुत्रा, त्याचा एक कान पोरांनी पार उपटला होता. मग विहीर, पोहऱ्याची खरीखुरी दोरी असलेली. मग शिडी, कुलूप-किल्ली, आजीचा चष्मा, कोंबडीची पिल्लं. प्रत्येक पान जाताना बाई कुठल्या पोराने ते कसं वाचलं ते सांगत होत्या. एकाने किल्ली लावून कुलूप उघडत नाही म्हणून भोकाड पसरलं होतं. एकीने पिल्लं मोजली आणि म्हणाली, बाई, एक झोपलंय, हळू बोला. सूनबाई हसत होती, डोळे पुसत होती आणि पडद्यावरची नजर ढळू देत नव्हती. मध्ये पंधराव्या पानाला अडखळलं. तिने लगेच तेवढंच थांबवलं, तेवढंच परत सोडलं. दहा सेकंद गेले. पुढची दोन पानं झटकन गेली आणि ते भरून निघाले. कंट्रोलरसाहेब प्रत्येक हिरव्या खुणेला "पोहोचली!" म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पोहोचल्याची नोंद करायला मिळत होती आणि ते तिच्यात रंगून गेले होते.

पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांना अडतिसावी पोहोचली. काथ्याचा डोंगर आणि रेशमी नदी, एकोणचाळिसावी, सुटली. नव्वद टक्के, पंचाण्णव, नव्याण्णव. सूनबाईने टेबलाची कड घट्ट धरली. हिरवी खूण आली तेव्हा सहाला वीस सेकंद उरले होते. तिने चाळिसावं पान सोडलं खरं, पण ते जेमतेम तिसरा हिस्सा गेलं आणि पडद्यावर पाटी आली. मुदत संपली. आभारी आहोत. पोहोचलेली पानं, एकोणचाळीस.

"एकोणचाळीस!" कंट्रोलरसाहेबांनी वही मिटली. त्यांना बसायचं होतं, पण बसवेना. "बाई, तीन माझ्यामुळे राहिली. मंगळवारीच नीट सोडली असती तर सगळी गेली असती."

सूनबाईलाही तेच बोचत होतं. ती उठली आणि पलंगावर उरलेली तीन पानं तिने हातात घेतली. बघते तर काय, नवी कोरी! एकावर इंद्रधनुष्य होतं, सात रंगांच्या सात जातींच्या कापडांचं. दुसऱ्यावर तळ्यात पडलेलं चांदणं, बारीक चंदेरी टिकल्यांचं. तिसऱ्यावर मावळता सूर्य. असं नाजूक काम बाकीच्या एकाही पानावर नव्हतं.

"आई, ही तर सगळ्यात सुंदर आहेत," ती कळवळून म्हणाली. "ही का मागे ठेवलीत? यांच्यावर तर तुम्ही महिने घातले असतील."

"सहा महिने," बाई म्हणाल्या. "तिन्ही मिळून." त्यांनी चांदण्याचं पान घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. "पहिल्या दिवशी एका मुलीच्या हातात दिलं. तिने शहाण्यासारखं सगळीकडून हात फिरवला आणि विचारलं, बाई, यात हाताला काय लागतं? मी म्हटलं, चांदणं. ती म्हणाली, बरं. आणि बस मागितली." बाई हसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "मला वाटायचं, मी हे पोरांसाठी शिवतेय. अगं, लांबून बघायच्या गोष्टी या! त्यांना काय करायच्यात? माझ्यासाठीच शिवत होते मी. एवढी वर्षं कुणाला बोलले नाही."

मग त्यांनी तिन्ही पानं नवऱ्याच्या हातात ठेवली. "तुमच्यामुळे काही राहिलेलं नाही. पोरांची होती ती सगळी पोहोचली. ही माझी आहेत. जरा हातोडा आणा आणि ही मला दिसतील अशी भिंतीवर लावा."

कंट्रोलरसाहेब हातोडा आणायला गेले.